कल्चरमध्ये 'रेझिस्टंट' आलंय? मग बाज, मोबाईल, कूलर आणि टॉवेल असे साफ करा

पेशंट जिल्ह्याच्या दवाखान्यातून घरी येतो, सोबत पुवाचा नाहीतर लघवीचा कल्चर रिपोर्ट असतो (त्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते बघतात), त्यात औषधांच्या नावांसमोर आर, आर, आर अशी रांग लागलेली असते, आणि मग घरचे विचारतात, "भाऊ, हे जंतू बाजीवर किती दिवस रायते? गादी जाळून टाकू का?" मी तालुक्याच्या गावी लॅबमध्ये काम करतो, असे रिपोर्ट माझ्याच हातून जातात, त्यामुळे हा प्रश्न सारखा कानावर येतो. तेच उत्तर परत परत तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

आधी रिपोर्ट वाचायचा कसा ते. आर म्हणजे ते औषध या जंतूवर चालत नाही, एस म्हणजे चालतं, आणि आय म्हणजे डोस वाढवून किंवा ठराविक जागी चालू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. हे सगळं पोटात जाणाऱ्या नाहीतर सुईतून जाणाऱ्या औषधांबद्दल आहे बरं का. साबण, उकळतं पाणी, ब्लिचिंग पावडर, यांचा त्या रांगेशी काहीच संबंध नाही. कुलूप बदललं की जुनी चावी लागत नाही, पण म्हणून भिंत काही लोखंडाची होत नाही, आणि साबण नि क्लोरीन सरळ भिंतच पाडतात. पाच औषधांना दाद न देणारा जंतू साध्या कपडे धुवायच्या साबणाने तेवढाच निघतो जेवढा साधा जंतू निघतो. म्हणून गादी जाळायची नाही, घर सोडायचं नाही, पेशंटला गोठ्याकडच्या खोलीत टाकून द्यायचं तर अजिबात नाही (हे करणारे लोक आहेत, म्हणून लिहितोय).

आता किती दिवस राहतात ते. २००६ साली जर्मनीतल्या क्रेमर आणि त्यांच्या सोबत्यांनी तोवर झालेले सगळे प्रयोग गोळा करून एक लेख लिहिला, दवाखान्यातले जंतू कोरड्या वस्तूंवर किती टिकतात याचा. त्यातले आकडे बघा. स्टॅफ, म्हणजे फोडात आणि जखमेच्या पुवात सापडणारा, ज्याच्या रेझिस्टंट जातीला एमआरएसए म्हणतात, तो ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत. आयसीयूत हमखास भेटणारा ॲसिनेटोबॅक्टर ३ दिवस ते ५ महिने. आतड्यात राहणारा एन्टेरोकॉकस ५ दिवस ते ४ महिने. लघवीच्या रिपोर्टात येणारा ई. कोलाय दीड तास ते १६ महिने, क्लेबसिएला २ तास ते ३० महिन्यांच्याही वर, स्यूडोमोनास ६ तास ते १६ महिने, पण तोच कोरड्या फरशीवर ५ आठवडे.

आकडे वाचून पोटात गोळा आला असेल तर थांबा. दीड तास कुठे आणि १६ महिने कुठे! एवढा फरक पडतो कारण जंतू किती टाकले, पाण्यात टाकले का रक्तात-पुवात, थंडी होती का गरमी, हवा ओली का कोरडी, यावर सगळं अवलंबून असतं. प्रयोगात लाखो-कोट्यवधी जंतू एका जागी टाकतात आणि शेवटचा जिवंत सापडेपर्यंत मोजत बसतात, आपल्या घरच्या खुर्चीवर तेवढे नसतात. आणि जिवंत राहणं वेगळं, रोग करणं वेगळं. जंतूला आत शिरायला वाट लागते, उघडी जखम, लघवीची नळी, सलाईनची सुई, भाजलेलं अंग. धडधाकट माणसाच्या नाकातसुद्धा स्टॅफ बसलेला असतो, साधारण तिघांपैकी एकाच्या, आणि तो माणूस मजेत फिरत असतो.

पण म्हणून निवांत बसू नका. २००० साली अमेरिकेत नीली आणि मेली नावाच्या दोघा संशोधकांनी दवाखान्यातलं कापड आणि प्लास्टिक घेऊन बघितलं होतं, सुती कपडा, सुती टॉवेल, टेरिकॉटसारखं मिश्र कापड, पॉलिस्टरचा पडदा, प्लास्टिकचा एप्रन. स्टॅफ आणि एन्टेरोकॉकस सगळ्यांवर निदान एक दिवस तरी जगले, काही तर ९० दिवसांच्या वर. जंतू थोडेच टाकले तेव्हा लवकर मेले, पण तरी काही दिवस राहिलेच. म्हणजे जखम पुसलेला दुपट्टा तसाच खुंटीला टांगला तर तो आठवडाभरानेही धोक्याचाच, वरून कितीही स्वच्छ दिसो.

यातून काम काय निघतं तर आधी जंतूंची गिनती कमी करायची, मग त्यांची वाट बंद करायची. पूर्ण घर निर्जंतुक करायच्या मागे लागू नका, ते दवाखान्यालाही जमत नाही.

हात, सगळ्यात आधी हात

बाजेवरचा जंतू उडी मारून जखमेत जात नाही, कोणाच्या तरी हाताने जातो. ड्रेसिंग करायच्या आधी आणि नंतर, लघवीची पिशवी रिकामी केल्यावर, संडासातून आल्यावर, स्वयंपाकाआधी आणि गोठ्यातून आल्यावर साबणाने हात धुवायचे, ४० ते ६० सेकंद. बोटांच्या मधात, अंगठा, नखं. ज्याच्या मनगटावर गंडा, दोरा, जुना लाल धागा आहे त्याने तो वर सरकवून खालची जागा धुवावी, आणि ड्रेसिंग करणाऱ्याने तेवढे दिवस काढूनच ठेवला तर उत्तम, कारण तो धागा दिवसभर ओला राहतो आणि त्यात काय काय मुरलेलं असतं ते मायक्रोस्कोपखाली बघावं. अंगठी, बांगड्या, पाटल्या यांचंही तेच. हात पुसायला पेशंटचा टॉवेल घ्यायचा नाही, हवेत वाळू द्या. सॅनिटायझर चालतो पण हात मातीने-शेणाने भरलेला नसेल तरच, आणि ७० टक्केवाला घ्या, जास्त टक्क्याचा म्हणजे जास्त भारी असं नसतं, थोडं पाणी असलं की अल्कोहोल जंतूवर नीट काम करतं.

एक अपवाद. खूप दिवस अँटिबायोटिक घेतल्यावर कोणाकोणाला पातळ हगवण लागते, त्यातला सी. डिफ नावाचा जंतू बीजासारख्या टणक रूपात ५ महिने पडून राहू शकतो आणि सॅनिटायझरने मरत नाही. तिथे साबण-पाणी आणि ब्लिचिंगच. आणि अशी हगवण लागली तर डॉक्टरला सांगा, मेडिकलवरून गोळी आणून बंद करत बसू नका.

टीसीएलचं पाणी कसं बनवायचं

महागडे स्प्रे विकत घ्यायची गरज नाही. ग्रामपंचायतीत विहिरीत टाकायला जी टीसीएल येते तीच ब्लिचिंग पावडर, आणि हीच जातकुळी १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरने वापरली होती, बाळंतिणी तापाने मरत होत्या तर त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मरणं झपाट्याने कमी झाली. तेव्हा अँटिबायोटिक नावाची गोष्टच नव्हती.

ताज्या पावडरीत साधारण ३० ते ३५ टक्के क्लोरीन असतो. पुसायला लागतं ०.१ टक्क्याचं पाणी, त्यासाठी १० लिटरच्या बादलीत ३५ ग्रॅम पावडर. चमच्याचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा निघतो म्हणून मी लोकांना सांगतो की किराण्यात काट्यावर ३५-३५ ग्रॅमच्या पुड्या बांधून घ्या आणि रोज एक फोडा. रक्त, पू, उलटी सांडली असेल त्या जागेला जास्त कडक पाणी, ०.५ टक्क्याचं, म्हणजे एका लिटरला १५ ते १७ ग्रॅम. बाटलीतलं लिक्विड ब्लिच ५ टक्क्याचं असेल तर पुसायला एका लिटर पाण्यात २० मिली, आणि सांडलेल्या रक्ता-पुवाला एक वाटी ब्लिच नि नऊ वाट्या पाणी.

बादली प्लास्टिकची घ्या, लोखंड-स्टील खराब होतं. तोंडाला कपडा, हातात रबरी मोजे आणि काम अंगणात, बंद मोरीत नाही. पावडरीत आधी थोडं पाणी घालून पातळ लगदा करा, मग तो बादलीत ओता, ढवळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, खाली चुन्याचा गाळ बसतो आणि वरचं नितळ पाणी कामाचं. गाळ फरशीवर पसरवला की सगळीकडे पांढरे पट्टे उमटतात आणि मग घरची बाई म्हणते हे ब्लिचिंग नको बावा. आज बनवलेलं आजच संपवा, उद्या त्यात दम नसतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत टिनाच्या शेडखाली पडलेल्या पोत्यातली पावडर घेऊ नका, उन्हाने आणि ओलाव्याने क्लोरीन उडून जातो, उरतो नुसता चुना. पोतं उघडल्यावर नाकाला झणका बसला नाही तर ती पावडर गेली समजा.

सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणीच करत नाही: आधी साबणाने घाण काढा, मग ब्लिचिंग. पुवाचा, रक्ताचा, कफाचा वाळलेला थर असेल तर क्लोरीन त्या थरातच खर्ची पडतो आणि खालचे जंतू आरामात. म्हणजे साबण-पाण्याने घासून पुसा, मग ब्लिचिंगच्या पाण्याने ओलं करा, आणि दहा मिनिटं ओलंच राहू द्या. लावलं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून टाकलं तर मेहनत वाया गेली.

ब्लिचिंगमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळायचं नाही, फिनाईल नाही, अमोनियावालं काहीच नाही. ॲसिड आणि ब्लिचिंग एकत्र आलं की क्लोरीनचा गॅस निघतो, बंद संडासात जीवावर बेतू शकतं. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळ्या दिवशी. आणि पांढऱ्या फिनाईलच्या वासावर जाऊ नका, घरभर दवाखान्यासारखा वास आला म्हणजे जंतू मेले असं नसतं.

बाज, गादी, कपडे

प्लास्टिकच्या पट्टीची बाज असेल तर सोपं, अंगणात उभी करा, साबणाने घासा, पट्ट्या जिथे एकमेकींवरून जातात त्या सांदीत जुना ब्रश फिरवा कारण मळ तिथेच बसतो, मग टीसीएलचं पाणी, दहा मिनिटांनी साधं पाणी, आणि ऊन. सुतळीच्या बाजेला ब्लिचिंग लावलं तर सुतळी कुजते, तिला साबणाचं गरम पाणी आणि दोन्ही बाजूंनी कडक ऊन. ऊन ही आपल्याकडची फुकटातली सोय आहे, पण ऊन थेट लागलं पाहिजे, ओसरीच्या सावलीत टाकलेली गादी नुसती गरम होते. जंतू ज्या बाजूला आहेत ती बाजू वर करा, मधात उलटा. आणि ऊन हे धुण्याच्या जागी नाही, धुतल्यानंतर. गादीवर पेशंट झोपायच्या आधीच प्लास्टिकचा कागद नाहीतर रेक्झिन टाका, वरून चादर, म्हणजे रोज कागद पुसला की झालं, नाहीतर कापसाची गादी आतून धुवायची कशी?

जखमेचं, लघवीचं लागलेलं कापड घरच्या कपड्यांत मिसळायचं नाही. झटकायचं तर नाहीच, धूळ आणि जंतू दोन्ही उडतात. वेगळ्या टोपल्यात, घाण आधी काढून संडासात टाकायची (वाहत्या नाल्यावर नेऊन धुवू नका, खाली दुसऱ्या गावचे लोक आणि गुरं पाणी पितात), मग साबण आणि हात पोळेल एवढं गरम पाणी. पांढरं सुती असेल तर सरळ चुलीवर गंजात उकळा, उकळत्या पाण्यात यातला एकही जंतू टिकत नाही, फक्त वर सांगितलेली ती टणक बीजं सोडून. मग उन्हात कडकडीत वाळवा आणि जमलं तर इस्त्री. ओलसर घडी घालून पेटीत ठेवणं म्हणजे केलेलं काम पुसून टाकणं. ड्रेसिंगचा निघालेला कापूस-पट्टी उकिरड्यावर फेकू नका, कुत्री घरभर ओढत आणतात, पिशवीत बांधून ठेवा आणि आशाताईला विचारा तुमच्या उपकेंद्रात जमा करतात का, नसेल तर खोल खड्ड्यात पुरा.

ओली जागा ही वेगळीच भानगड

लोकांचं सगळं लक्ष खुर्चीवर, आणि स्यूडोमोनास बसलेला असतो नळाच्या तोंडात, मोरीच्या जाळीत, साबणाच्या डबीतल्या चिखलात आणि कूलरमध्ये. स्यूडोमोनास, क्लेबसिएला यांना ओल आवडते, तिथे ते नुसते टिकत नाहीत, वाढतात. आपल्याकडे एप्रिल ते जून कूलरशिवाय पेशंट राहूच शकत नाही, मग निदान एवढं करा, टाकीतलं पाणी रोज काढून फेका, आठवड्यातून एकदा टाकी घासून टीसीएलच्या पाण्याने धुवा आणि मग साध्या पाण्याने दोनदा खंगाळा, वाळा-गवताच्या जाळ्या काळ्या-हिरव्या बुळबुळीत झाल्या असतील तर बदला, आणि हवेचा झोत उघड्या जखमेवर सरळ नको. डेंग्यूच्या अळ्याही त्यानेच कमी होतात, तो बोनस.

आणखी एक. जखम धुवायला अँटिसेप्टिकचं औषध पाण्यात कालवून बाटलीत भरून ठेवतात, त्यात कापसाचे बोळे बुडवलेले, आणि तेच आठ-पंधरा दिवस वापरतात. पातळ केलेल्या जुन्या अँटिसेप्टिकमध्ये स्यूडोमोनास वाढल्याचं दवाखान्यांतही सापडलेलं आहे. त्या वेळेपुरतं बनवा, उरलेलं फेका, बाटली धुवून उलटी वाळवा.

मोबाईल, कडी, बोर्ड

मोबाईल दवाखान्यातल्या कॉटवर, बाकावर, कँटीनच्या टेबलावर फिरून घरी येतो आणि सरळ पोराच्या हातात जातो. बंद करा, कव्हर काढून साबणाने धुवा, फोन ७० टक्के अल्कोहोलने ओलसर (टपकणारं नाही) केलेल्या कपड्याने पुसा. ब्लिचिंग फोनला लावायचं नाही. दाराची कडी, लाईटचा बोर्ड, टीव्हीचा रिमोट, मोटारसायकलची मूठ, पेशंट धरून उठतो तो लोखंडी पाईप, हे रोज एकदा पुसा. भिंती आणि छत पुसत बसू नका.

जुन्या घरात पितळेची कडी असेल तर ती काढून स्टीलची लावू नका हो. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनला कीविल यांच्या टीमने एमआरएसए तांब्यावर टाकून बघितला, साध्या खोलीच्या तापमानाला तो ९० मिनिटांच्या आत संपला, पितळेवर साडेचार तासांत, आणि स्टीलवर तीन दिवसांनीही जिवंत होता. भंडाऱ्याच्या पितळेचं कौतुक आपण भांड्यांसाठी करतो, त्यात हा गुणही आहे. फक्त घासलेली, उघडी धातू पाहिजे, वरून रंग किंवा तेलकट मळाचा थर असेल तर उपयोग नाही. आणि पितळ आहे म्हणून पुसायचं सोडू नका.

सारवण, गोठा, पाहुणे

जखम उघडी आहे तोवर पेशंटच्या खोलीत शेणाने सारवू नका. म्हाताऱ्या माणसांना हे पटत नाही, वाद होतो, मला माहीत आहे, पण शेण म्हणजे आतड्यातून आलेली वस्तू, त्यात ई. कोलाय असतोच, धनुर्वाताची बीजं असू शकतात, आणि त्या गाईला नुकतीच अँटिबायोटिकची सुई दिलेली असेल तर रेझिस्टंट जंतू सापडायची शक्यता आणखी वाढते. तेवढ्या दिवसांसाठी मातीची जमीन पाणी शिंपडून हळूच झाडा, म्हणजे धूळ उडत नाही, आणि बाजेखाली धुता येईल असं ताडपत्रीचं बस्तर टाका. जखमेवर शेण, राख, हळद, तंबाखू काहीच नाही. गाय दगडीने (कासेच्या सुजेने) आजारी असेल तर तिचं दूध काढणाऱ्याने ड्रेसिंग करू नये, दुसरं कोणी नसेलच तर हात कोपरापर्यंत धुवून आणि कपडे बदलून. जनावरांच्या डॉक्टरने गाईला सुई दिल्यावर जितके दिवस दूध वापरू नका सांगितलं तितके दिवस खरंच वापरू नका, डेअरीतही घालू नका.

पाहुणे तर येणारच, पेशंट बघायला अख्खं गाव येतं आणि सगळे बाजेवरच टेकतात. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बाजूला ठेवा, नारळ-बिस्किटं घ्या, चहा पाजा, फक्त बाजेवर बसू देऊ नका आणि जाताना हात धुवायला लावा. ज्याला साखरेचा आजार आहे, डायलिसिस चालू आहे, कॅन्सरचं औषध सुरू आहे किंवा तान्हं लेकरू आहे, त्याने फोनवर विचारपूस केली तरी चालतं. कप-बशा वेगळ्या नकोत, नेहमीच्या साबणाने घासून वाळवल्या की पुरे.

इथे टीबीचं वेगळं सांगतो कारण लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात. औषधाला दाद न देणारा टीबीसुद्धा असतो, पण तो पसरतो खोकल्यातून, हवेतून. वाळलेल्या वस्तूवर टीबीचा जंतू ४ महिन्यांपर्यंत सापडलाय हे खरं, तरी ताट-वाटी वेगळी केल्याने तिथे काही होत नाही, खिडकी उघडी ठेवणं, मास्क आणि गोळ्या पूर्ण करणं हेच.

किती दिवस करायचं हे सगळं

जखम पूर्ण भरेपर्यंत किंवा नळी निघेपर्यंत. त्या दिवशी एकदा मोठी धुलाई करा, बाज, कागद, चादरी, खुर्ची, बोर्ड, मोरी, आणि नंतर नेहमीसारखं वागा. जखमेतून परत पू यायला लागला, ताप आला, थंडी वाजली, लघवी कमी झाली, घरात दुसऱ्या कोणाला लालभडक दुखरा फोड आला, तर घरी उरलेल्या गोळ्या खाऊन बघू नका आणि शेजाऱ्याच्या पण नाही. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ती याच्यासाठीच, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही म्हणून.

आणि तो रिपोर्ट टीव्हीच्या मागे खोचून ठेवू नका. मोबाईलमध्ये फोटो काढा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि रेशनकार्डाच्या फाईलीत ठेवा. पुढे कधी नागपूर, सेवाग्राम, अमरावती, कुठेही भरती व्हायची वेळ आली तर चिठ्ठी काढतानाच सांगा की मागच्या वेळी असा जंतू निघाला होता, म्हणजे ते पेशंटला वेगळ्या कॉटवर ठेवायचं का ते ठरवतील आणि जे औषध आर आलंय तेच परत चार दिवस देत बसणार नाहीत.